दोन वाटा, एकच चर

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजेच एनएसईचे, सर्व व्यवहार थांबले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला आणि त्या दिवशी बाजार सायंकाळी पाचपर्यंत चालवावा लागला. देशातील सर्वांत मोठा शेअर बाजार ऐन कामकाजाच्या वेळी चार तास निश्चल झाला होता. असे काही घडले की आपल्याकडे लगेच सायबर हल्ल्याची आणि परकीय कारस्थानाची कुजबुज सुरू होते. प्रत्यक्षात कारण अगदीच साधे होते. बाजाराच्या मुख्य संगणक केंद्राला जवळच्या पर्यायी केंद्राशी जोडणारे दुवे निखळले होते आणि त्यापाठोपाठ मुख्य केंद्रातील माहिती साठवणारी यंत्रणाही प्रतिसाद देईनाशी झाली होती. हे दुवे कोणा एकाच कंपनीकडून घेतले होते असेही नाही. एक तुटला तर दुसरा हाताशी असावा, या दूरदृष्टीने ते दोन निरनिराळ्या दूरसंचार कंपन्यांकडून घेतलेले होते. बाजाराने नंतर केलेल्या खुलाशानुसार, या कंपन्यांनी बिघाडाचे कारण कळवले ते असे: दोन केंद्रांच्या दरम्यान रस्त्यावर चाललेले खोदकाम आणि बांधकाम.

दोन कंपन्या, दोन करार, दोन देयके; आणि रस्ता एकच!

सेबीने खुलासा मागवला, व्यवहार दूरच्या पर्यायी केंद्राकडे का हलवले नाहीत असे विचारले, वृत्तपत्रांतून दोन-चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. परंतु त्या घटनेतून जो प्रश्न पुढे आला तो केवळ शेअर बाजारापुरता नाही. आपल्या वाचकांपैकी अनेक जण नागरी सहकारी बँका, पतसंस्था, दूध संघ, शिक्षणसंस्था, रुग्णालये यांच्या संचालक मंडळांवर निष्ठेने काम करीत आहेत. अनेक कुटुंबांचे स्वतःचे उद्योग आहेत. कारखाना एका औद्योगिक वसाहतीत, गोदाम दुसऱ्या गावी आणि कार्यालय शहरात, अशी त्यांची मांडणी असते. या सर्वांचे दैनंदिन कामकाज आज ज्या धाग्यावर टांगलेले आहे, तो धागा नेमका कोणत्या रस्त्याने जातो, कोणत्या पुलावरून ओढा ओलांडतो आणि कोणाच्या मालकीचा आहे, हे त्यांच्यापैकी कितींना ठाऊक असेल?

मी एका नागरी सहकारी बँकेला या विषयात काही वर्षे सल्ला देत आलो आहे. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. बँकेच्या १४ शाखा. त्यांतली एक तालुक्याच्या गावी. महिन्याची पहिली तारीख होती आणि निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची रांग शाखेच्या पायरीपर्यंत आली होती. साडेदहाच्या सुमारास शाखेचा मुख्य कार्यालयाशी असलेला संपर्क तुटला. राउटरने शिकवल्याप्रमाणे दुसऱ्या कंपनीच्या जोडणीकडे वळण्याचा प्रयत्न केला, तर तीही मृत. शाखाधिकाऱ्यांनी दोन्ही कंपन्यांच्या तक्रार केंद्रांना दूरध्वनी केले. दोन्हीकडून तक्रारीचे क्रमांक मिळाले, तेवढेच. दुपारी उलगडा झाला. गावाबाहेर ओढ्यावरच्या पुलापाशी रस्ता रुंदीकरणासाठी जेसीबीने साइडपट्टी उकरली होती आणि त्या एकाच चरात दोन्ही कंपन्यांच्या तारा होत्या. खरे सांगायचे तर दोन तारा नव्हत्याच. दुसऱ्या कंपनीने त्या पट्ट्यात स्वतःची केबल कधी टाकलीच नव्हती. पहिलीच्या केबलमधले काही तंतू तिने भाड्याने घेतले होते. करारात याचा उल्लेख नव्हता, कारण कोणी विचारलेच नव्हते. विचारायला हवे होते ते मी. मीही विचारले नव्हते. एक वयोवृद्ध निवृत्त शिक्षिका अडीच वाजेपर्यंत बाकावर बसून होत्या. अखेर शाखाधिकाऱ्यांनी स्वतःच्या खिशातले पाचशे रुपये देऊन त्यांच्या औषधांची त्या दिवसापुरती सोय केली. शाखेची जोडणी परत आली ती रात्री साडेनऊला.

दूरदूरची कार्यालये परस्परांशी जोडणाऱ्या या व्यवस्थेला तंत्रज्ञ वाइड एरिया नेटवर्क म्हणतात. आपण तिला विस्तृत जाळे म्हणू. एका इमारतीतील संगणकांचे जाळे आपल्या मालकीचे असते. भिंतीतली तार आपणच टाकलेली असते, ती कुठून कुठे जाते हे आपल्या इलेक्ट्रिशियनला माहीत असते. विस्तृत जाळ्याचे तसे नसते. त्यातला उंबरठ्याबाहेरचा प्रत्येक हात लांबीचा तुकडा भाड्याचा असतो आणि तो भाड्याने देणाऱ्यानेही अनेकदा तिसऱ्याकडून भाड्याने घेतलेला असतो. म्हणून या जाळ्याचे नियोजन म्हणजे मुख्यतः नेमके प्रश्न विचारण्याचे काम आहे. यंत्रे विकत मिळतात. प्रश्न मात्र ज्याचे त्यालाच विचारावे लागतात.

पहिला प्रश्न टक्केवारीचा. दूरसंचार कंपन्या करारात जोडणीच्या उपलब्धतेची हमी देतात, समजा ९९.५ टक्के. परीक्षेत एवढे गुण मिळवणाऱ्या मुलाचे आपण पेढे वाटून कौतुक करू. पण वर्षाचे तास ८,७६० असतात आणि त्यांतला अर्धा टक्का म्हणजे जवळजवळ ४४ तास. हमी ९९.९ टक्क्यांची असली तरी पावणेनऊ तास उरतातच. ते तास रविवारच्या मध्यरात्री येतील की दिवाळीच्या आदल्या दिवशी, याची हमी कोणीच देत नाही. बरे, हमी मोडली तर काय? बहुतेक करारांत भरपाई म्हणजे जोडणीच्या भाड्यातला काही भाग पुढच्या देयकातून वजा. आपले दिवसभराचे काम बुडाले, ग्राहक शेजारच्या बँकेत गेला, गोदामातला ट्रक पावतीअभावी खोळंबला, याचा त्या वजावटीशी काहीही संबंध नसतो. संचालक मंडळासमोर करार येतो तेव्हा भाड्याच्या आकड्यावर तासभर घासाघीस होते. भरपाईचे कलम कोणी मोठ्याने वाचत नाही.

आता दोन जोडण्यांचे गणित पाहू. प्रत्येक जोडणी वर्षाला ४४ तास बंद राहणार असेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद राहण्याचा काळ गणिताने येतो वर्षाला अवघी १३ मिनिटे. ४४ तासांवरून थेट १३ मिनिटांवर! विक्रेता हेच गणित मांडतो आणि त्या गणितात चूक नाही. मात्र ते एका गृहीतकावर उभे आहे: एका जोडणीच्या बिघाडाचा दुसरीच्या बिघाडाशी काही संबंध नाही. दोन्ही तारा एकाच चरातून, एकाच पुलाच्या कठड्यावरून किंवा शहरात एकाच विजेच्या खांबावरून लोंबकळत येत असतील, तर ते गृहीतक जेसीबीच्या पहिल्याच घावाला कोसळते. आपण दुसऱ्या जोडणीचे भाडे वर्षानुवर्षे भरत राहतो आणि हाती राहतात ते पहिल्या जोडणीचेच ४४ तास.

हे क्वचित घडते अशी कोणाची समजूत असेल, तर मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप कशासाठी सुरू केले ते आठवावे. खोदणाऱ्याने आधी त्या जागेखाली कोणाच्या वाहिन्या आहेत ते पाहावे आणि त्यांच्या मालकांना कळवावे, हा त्याचा उद्देश. दूरसंचार विभागाच्या त्या वेळच्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे १० लाख ठिकाणी फायबर केबल तुटत होती आणि त्यातून सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होत होते. अॅप उत्तम आहे. पण रस्त्यावरच्या कंत्राटदाराच्या जेसीबीचालकापर्यंत ते पोहोचले आहे का, हे ज्याने त्याने आपापल्या गावातल्या खोदकामाकडे पाहून ठरवावे.

यावर कोणी म्हणेल की, दुसरी जोडणी तारेची घेऊच नका, मोबाइलच्या सिमकार्डावरची घ्या. सल्ला योग्यच आहे आणि त्या तालुक्याच्या शाखेत आता तशी सोय केलेलीही आहे. परंतु इथेही एक प्रश्न विचारावा लागतो. मोबाइलचा संदेश हवेतून जातो तो फक्त टॉवरपर्यंत. टॉवरपासून पुढचा त्याचा प्रवास पुष्कळदा फायबरनेच होतो. तो फायबर त्याच पुलावरून जात असेल तर? शिवाय वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तास पुरते. त्यापुढे जनित्र आणि जनित्राचे डिझेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापुराने वेढले आणि पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, तेव्हा डिझेल पोहोचवायचे तरी कोणत्या वाटेने हा प्रश्न होता. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी ज्यांची मुख्य यंत्रणा एका उपनगरात आणि पर्यायी यंत्रणा शेजारच्या उपनगरात होती, त्यांच्यासाठी पर्याय हा शब्दच निरर्थक होता. पर्याय किती आहेत यापेक्षा ते एकाच संकटात एकत्र बुडतात का, हे पाहणे महत्त्वाचे असते.

नियोजन म्हणजे नेहमी काही तरी नवे विकत घेणे, असा एक समज आपल्या संस्थांत रूढ झाला आहे. वास्तविक नियोजनाचे सर्वांत चांगले उदाहरण याच एनएसईने घालून दिलेले आहे आणि तेही १९९४ साली! त्या काळी टेलिफोनची जोडणी मिळायला वर्षानुवर्षे लागत आणि मिळालेली तार पावसाळ्यात घरघर करी. अशा तारांवर देशव्यापी बाजार उभा राहू शकत नाही, हे ओळखून एनएसईने उपग्रहाचा मार्ग धरला. दलालांच्या कार्यालयांच्या गच्च्यांवर व्हीसॅटच्या लहान तबकड्या बसल्या. नोव्हेंबर १९९४ मध्ये समभागांचे व्यवहार सुरू झाले आणि सुमारे वर्षभरात या नवागताने उलाढालीत मुंबईच्या जुन्या शेअर बाजाराला मागे टाकले. लहान शहरातला गुंतवणूकदार दलाल स्ट्रीटवर पाय न ठेवता त्याच क्षणी त्याच भावात खरेदी-विक्री करू लागला, यामागे त्या जाळ्याचा मोठा वाटा होता. हैदराबादच्या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेने जून १९९९ मध्ये बँकांसाठी ‘इन्फिनेट’ हे जाळे उभे केले तेही प्रारंभी उपग्रहाच्याच आधाराने. ज्यांनी ही जाळी आखली त्यांनी आपल्या देशातली जमीन, तारा, पाऊस आणि दफ्तरदिरंगाई विचारात घेऊन मार्ग निवडला होता. परदेशातील चकचकीत पुस्तिकेत काय लिहिले आहे ते पाहून नव्हे.

उपग्रहाच्या मार्गाला त्याचे मोल होतेच. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली यायला पाव सेकंद आणि उत्तर परत यायला पाव सेकंद, म्हणजे दर प्रश्नोत्तराला किमान अर्धा सेकंद. अशा जाळ्यावर चालणारी प्रणाली मितभाषी असावी लागते. आज फायबरच्या काळात ही जाणीव हरवली आहे आणि तिथूनच आपल्या संस्थांचे एक जुनाट दुखणे सुरू होते. ‘शाखेतला संगणक फार हळू चालतो, जोडणी वाढवून घ्या’, ही तक्रार प्रत्येक संचालकाने ऐकलेली असेल. जोडणी दुप्पट केली जाते, भाडे वाढते आणि संगणक पूर्वीइतकाच हळू चालतो.

असे का होते? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. वाटेतली यंत्रे, वळणे आणि वळसे धरून दूरच्या शाखेचा प्रश्न मुख्य कार्यालयात जाऊन उत्तर परत यायला समजा ४० मिलिसेकंद लागतात. एका सेकंदाचा पंचविसावा भाग! कोणाला वाटेल, एवढ्याने काय होते? पण हिशेबाची प्रणाली जर एकाच इमारतीत वापरण्यासाठी लिहिलेली असेल, तर ती एक खातेपान उघडताना मुख्य संगणकाला एकामागून एक ३०० प्रश्न विचारते. इमारतीच्या आत प्रत्येक प्रश्नाला एका मिलिसेकंदाहून कमी वेळ लागतो, त्यामुळे पान डोळ्याची पापणी लवते तोच उघडते. तेच ३०० प्रश्न ४० मिलिसेकंदांच्या अंतरावरून विचारले की १२ सेकंद लागतात. जोडणीची क्षमता दहापट केली तरी ते बाराच राहतात, कारण वेळ लागतो आहे तो येण्याजाण्याला. रस्ता रुंद केला म्हणून नागपूर मुंबईच्या जवळ येत नाही. इथे उपाय प्रणाली लिहिणाऱ्याकडे असतो. तो उपाय मागण्यासाठी मात्र दुखणे कुठे आहे हे आधी मोजून पाहावे लागते. आणि मोजणे हेच आपल्याकडे सहसा होत नाही.

मोजले की कधी कधी हसू येते. याच बँकेच्या दुसऱ्या एका शाखेत रोज सकाळी साडेदहा ते बारा सारे संथ होई. खिडकीवरचे व्यवहार म्हणजे खरे तर आकड्यांची देवाणघेवाण. त्याला क्षमता लागते ती अगदीच मोजकी. मग दहा एमबीपीएसची जोडणी खात कोण होते? सुरक्षेसाठी बसवलेले आठ कॅमेरे. बऱ्यापैकी स्पष्ट चित्र देणारा एक कॅमेरा सतत सुमारे दोन एमबीपीएस वापरतो. आठांचे झाले सोळा. शाखा उघडली की हे आठही कॅमेरे रिकाम्या बाकांची चित्रे मुख्य कार्यालयाला इमानेइतबारे पाठवू लागत आणि तिथे ती कोणीही पाहत नसे. चित्रण शाखेतच साठवायचे, मुख्य कार्यालयाने मागितले तेवढेच पाठवायचे आणि खातेदाराच्या व्यवहाराला सर्वांत आधी वाट द्यायची, एवढ्या बदलाने काम झाले. नवे यंत्र लागले नाही. कोणत्या संदेशाला आधी वाट द्यायची हे ठरवण्याची सोय राउटरमध्ये पहिल्या दिवसापासून होती; ती वापरायला कोणी सांगितले नव्हते, इतकेच.

जाळे उभारून झाले की ते चालवण्याचा प्रश्न येतो. इथे कॅनडाचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्स या तेथील बलाढ्य दूरसंचार कंपनीचे जाळे देशभर कोसळले. हल्ला वगैरे काही नव्हता. नियोजित सुधारणेच्या कामात एका राउटरवरील एक गाळणी काढली गेली, मार्गांची अफाट माहिती मुख्य राउटरांवर लोटली आणि ते गुदमरले. सव्वा कोटीच्या घरातील ग्राहक एका दिवसाच्या आसपास तुटले आणि इंटरॅक ही तिथली डेबिट कार्डांची राष्ट्रीय यंत्रणाही बंद पडली, कारण ती रॉजर्सवरच विसंबलेली होती. पण मला सर्वांत बोलका वाटतो तो पुढचा तपशील. जाळे दुरुस्त करणाऱ्या अभियंत्यांची राउटरपर्यंत पोहोचण्याची वाटही त्याच जाळ्यातून जात होती आणि त्यांचे फोनही त्याच कंपनीचे होते. त्यामुळे नेमके काय बिघडले हे कळण्यातच कित्येक तास गेले. किल्ली घरात ठेवून दार लोटून घ्यावे, तसा हा प्रकार. आपल्या संस्थेत राउटरचा गुप्त शब्द कुठे आहे? ‘सर्व्हरवरच्या फाइलमध्ये’ असे उत्तर आले, तर आपली किल्लीही आतच आहे असे समजावे.

याहून भयंकर प्रसंग २७ जून २०१७ चा. युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या प्रणालीतून ‘नॉटपेट्या’ नावाचे विध्वंसक सॉफ्टवेअर पसरले. माएर्स्क या जगड्व्याळ जहाज कंपनीच्या ओडेसा येथील कार्यालयात ती प्रणाली बसवलेली होती. तेवढ्या एका खिडकीतून ते आत शिरले आणि कंपनीच्या विस्तृत जाळ्यावरून पाहता पाहता जगभर पोहोचले. आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात याच समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामकाजही त्यात विस्कळीत झाले. युक्रेनमधली आग रायगड जिल्ह्यात यायला अडथळा असा कुठेच नव्हता, कारण जोडणाऱ्यांनी सर्व काही सर्वांशी जोडून ठेवले होते. कंपनीला पुढे सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले आणि नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाची आणि कर्मचाऱ्याची ओळख सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते. ते सर्व एकाच वेळी पुसले गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतील घाना देशातला. का? तर त्या वेळी तिथली वीज गेलेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता! ती प्रत इंग्लंडला आणायची तर घानाची जोडणी इतकी बारीक की पाठवायला दिवसच्या दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्याकडे इंग्लंडचा व्हिसा नव्हता. शेवटी तो विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर त्याने दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती हार्ड डिस्क सोपवली आणि ती लंडनला पोहोचली. जगाच्या व्यापाराचा मोठा भाग वाहणारी कंपनी त्या दिवशी एका बॅगेतल्या डबीवर अवलंबून होती. आपले नियोजन फसले असताना विजेच्या खेळखंडोब्याने तिला वाचवले.

तेव्हा जाळे जोडता येणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते ठरवलेल्या जागी तोडता येणेही महत्त्वाचे. जुलै २०२४ च्या अखेरीस देशातील सुमारे ३०० लहान बँकांना, ज्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या, तंत्रसेवा देणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला. राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, त्या कंपनीला आपल्या जाळ्यापासून तात्पुरते अलग केले. त्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडले, गैरसोय झाली, पण उर्वरित देशाचे व्यवहार सुरक्षित राहिले. तोडायचे कुठे हे आधीच आखलेले असल्याखेरीज असे करता येत नाही. याच घटनेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या ३०० बँकांपैकी प्रत्येकीला आपण स्वतंत्र संस्था आहोत असे वाटत होते. प्रत्यक्षात त्या सर्वांचा चर एकच होता.

मी तंत्रसेवा बाहेरून घेण्याच्या विरोधात नाही. १४ शाखांच्या बँकेने स्वतःची केबल टाकावी असे कोणी शहाणा सांगणार नाही. हल्ली एसडी-वॅन नावाच्या प्रणालीचा बोलबाला आहे. दोन-तीन जोडण्यांपैकी या क्षणी कोणती चांगली चालते आहे ते पाहून ती संदेशांना त्या वाटेने पाठवते आणि साऱ्या शाखांचे राउटर एका ठिकाणाहून हाताळू देते. चांगली सोय आहे, अनेक ठिकाणी मी स्वतः तिची शिफारस केली आहे. फक्त दोन जोडण्या एकाच चरातून जातात हे त्या प्रणालीला कळत नाही. ते माणसालाच शोधून काढावे लागते आणि तो माणूस संस्थेचा असावा लागतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये तंत्रसेवा बाहेरून घेण्याविषयी जे निर्देश काढले, त्यांत हेच बजावले होते की, काम बाहेर सोपवले म्हणून संस्थेची जबाबदारी कमी होत नाही. त्या निर्देशांच्या कक्षेत नागरी सहकारी बँकांपैकी मोठ्याच बँका होत्या. परंतु लहान संस्थेच्या ठेवीदाराचा पैसा काही कमी घामाचा नसतो.

अशा संस्थांचे पदाधिकारी म्हणतात, ‘आम्हाला पगारी अभियंता परवडत नाही.’ म्हणणे खरे आहे. पण पूर्णवेळ अभियंता हवाच कशाला? एका जिल्ह्यातल्या पाच-सात पतसंस्थांनी मिळून एक जाणकार माणूस ठेवला तर काय हरकत आहे? सहकाराची दीर्घ परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्रात एवढे अवघड का वाटावे? ऊस एकत्र गाळता येतो, दूध एकत्र संकलित करता येते, मग जाळ्याचा जाणकार एकत्र नेमता येऊ नये? अडचण पैशाची आहे असे मला वाटत नाही. हा विषय ‘तांत्रिक’ आहे, तो त्या पुरवठादाराचा मुलगा बघतो, असे म्हणून संचालक मंडळ हात झटकून मोकळे होते, अडचण तिथे आहे. कर्जाचे प्रकरण मंजूर करताना जे संचालक सात-बारा उलटसुलट पाहतात, शेताच्या चतुःसीमा विचारतात, तेच संचालक आपल्या संस्थेच्या जोडणीची चतुःसीमा विचारत नाहीत. आणि वर्षातून एकदा, कामकाज संपल्यावर, मुख्य जोडणीची तार मुद्दाम काढून दुसरी खरोखर चालते का ते पाहिल्याचे मी फार थोड्या संस्थांत ऐकले आहे. ज्या संस्थेत मी ते प्रथम करवले, तिथे दुसऱ्या जोडणीचे देयक न भरल्यामुळे ती चार महिन्यांपूर्वीच बंद झाली असल्याचे आढळले.

त्या तालुक्याच्या शाखेसाठी पुढे आम्ही दोन्ही कंपन्यांकडे केबलचा मार्ग दाखवणारा नकाशा लेखी मागितला. एकीने दिला, तो तालुक्याच्या गावापर्यंत येऊन थांबत होता. दुसरीने गोपनीयतेचे कारण सांगितले. शेवटी गावातच राहणारे दूरसंचार खात्यातले एक निवृत्त लाइनमन काका उपयोगी पडले. तीस वर्षे त्यांनी याच रस्त्यावर तारा जोडल्या होत्या. एका रविवारी सकाळी ते माझ्याबरोबर साडेतीन किलोमीटर चालले आणि कुठे चर उजवीकडे जातो, कुठल्या मोरीखालून केबल ओढली आहे, कुठे ती अवघी हातभर खोल आहे, हे हातातल्या काठीने दाखवत गेले. परत आल्यावर त्यांनी वहीच्या दुहेरी पानावर पेन्सिलीने तो मार्ग काढून दिला. तो कागद आता शाखाधिकाऱ्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे. पुलाच्या जागी लाल शाईची फुली आहे. ओढ्याच्या पलीकडून, जुन्या गाडीवाटेने येणारी दुसरी केबल कोणी टाकील का, याची विचारणा तीन कंपन्यांकडे केलेली आहे. एकीचे उत्तर आले आहे. रक्कम बँकेच्या आवाक्याबाहेरची आहे. पुढच्या सभेत शेजारच्या पतसंस्थेला आणि दूध संघाला बरोबर घेऊन खर्च विभागता येईल का, हा विषय घेतलेला आहे. तोवर रुंदीकरणाच्या मुकादमाचा मोबाइल क्रमांक त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे आणि दर सोमवारी शिपाई त्याला फोन करून या आठवड्यात कुठे खोदणार ते विचारून घेतो.